हाउस, टेक्नो, ट्रान्स : ओळख पटण्याच्या खुणा

हाउस, टेक्नो आणि ट्रान्स या तिन्ही शैलींत चार मात्रांचे आवर्तन असते आणि चारही मात्रांवर किक ड्रमचा सारख्याच वजनाचा ठोका पडतो. समेवर जास्त जोर आणि इतरत्र कमी, असा भेद त्यात नसतो, खालीही नसते. अशी आठ आवर्तने, म्हणजे ३२ मात्रा झाल्या की काहीतरी बदलते. एखादे वाद्य येते, एखादे जाते, टाळी सुरू होते, बेस थांबतो. मिनिटाला १२८ मात्रांच्या लयीत ३२ मात्रांना बरोबर १५ सेकंद लागतात. हा हिशेब डीजेच्या सोयीचा आहे. एक ट्रॅक संपत आला असताना दुसरा त्याच लयीवर आणून त्यात मिसळायचा, तर दोन्हींचे टप्पे जुळावे लागतात. म्हणून ट्रॅकच्या आरंभी आणि शेवटी नुसता ताल ठेवण्याची रीत पडली, आणि लांबी सहा ते दहा मिनिटांपर्यंत गेली. नवख्या श्रोत्याला हे सारे संगीत एकसारखे वाटते ते या सामाईक सांगाड्यामुळे. तो चुकीचे ऐकत नसतो. जे सर्वांत ठळक आहे तेच त्याच्या कानी पडत असते.

शैली ओळखायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी लयीच्या आकड्याकडे जाते. ढोबळमानाने मिनिटाला ११८ ते १२८ मात्रा हाउसच्या, १२५ ते १४५ टेक्नोच्या, १३० ते १४२ ट्रान्सच्या आणि १४० ते १५० सायट्रान्स या ट्रान्सच्याच शाखेच्या. हे पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत. शिवाय ते जागेवर राहत नाहीत: २०१० च्या सुमारास क्लबांतला टेक्नो १२५ ते १२८ वर रेंगाळत होता, आज तोच १४० च्या पुढे जातो. आकड्यावरून एखादी शक्यता बाद करता येते, निवाडा करता येत नाही. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्यांना हा पेच परका नाही. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच. तरी भूपाचा जीव पूर्वांगात, गंधारावर असतो आणि देशकाराचा उत्तरांगात, धैवतावर. स्वरांची यादी पाहून राग सांगता येत नाही, चलन ऐकावे लागते. इथेही तसेच आहे. किक आणि बेस यांचे आपसांत काय नाते आहे, मात्रेच्या पोटातले छोटे भाग सरळ पडतात की झोका घेतात, आणि आठ-दहा मिनिटांच्या प्रवासात ट्रॅक आपले बळ कुठे खर्च करतो, या तीन गोष्टींवरून कूळ कळते.

हाउस हे डिस्कोचे थेट अपत्य. १९७३ मध्ये आलेल्या हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यात ड्रमवादक अर्ल यंग यांनी चारही मात्रांवर किक आणि दोन मात्रांच्या बरोबर मध्यावर हाय-हॅटचा फुसकारा ठेवला. पुढची बरीचशी डिस्को याच ठेक्यावर चालली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोट करून उडवण्यात आली. मोठ्या कंपन्यांनी या संगीताकडे पाठ फिरवली. त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये मात्र फ्रँकी नकल्स मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांसाठी तेच संगीत वाजवत राहिले. नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी जुन्यांचे तुकडे फितीवर जोडून लांबवले आणि त्यांखाली ड्रम मशीनचा ठेका घातला. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सची ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी आली; ती हाउसची पहिली तबकडी मानली जाते. वाद्यवृंदाचा खर्च न परवडणाऱ्या मुलांनी, दुकानांत पडून राहिलेल्या स्वस्त यंत्रांवर डिस्कोचा जीव पुन्हा उभा केला, हा या शैलीच्या जन्माचा सारांश.

हा वारसा कानाला स्पष्ट ऐकू येतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, मात्रेच्या मध्यावर उघडा हाय-हॅट, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे झोका. मात्रेचे चार भाग केले तर दुसरा आणि चौथा भाग किंचित उशिरा पडतो. हा उशीर सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो, पण त्यामुळे खांदे आणि कंबर हलते. बेसला स्वतःची चाल असते. किक जिथे नाही तिथल्या जागा तो भरतो, तिला प्रश्नोत्तरासारखा उत्तर देतो. वर स्वरसंघ, म्हणजे पियानो किंवा ऑर्गनचे कॉर्ड, आणि बहुधा माणसाचा आवाज, तोही चर्चमधल्या गॉस्पेल गायनाच्या वळणाचा. मार्शल जेफरसन यांच्या १९८६ च्या ‘मूव्ह युअर बॉडी’मध्ये पियानो सर्वांत पुढे आहे. त्याच वर्षीच्या लॅरी हर्ड यांच्या ‘कॅन यू फील इट’मध्ये जॅझच्या घडणीचे रुंद, हळवे कॉर्ड आहेत, डीप हाउस या उपशैलीचा पाया तिथे पडला. आज दुकानांत डीप हाउस म्हणून जे विकले जाते त्यातल्या बऱ्याच मालात ही कॉर्डांची खोली उरलेली नाही, नुसता मंद बेस उरला आहे.

ॲसिड हाउसची कहाणी एका यंत्राची आहे. रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले यंत्र. ते खऱ्या बेससारखे वाजत नसे, म्हणून खपले नाही आणि १९८४ पर्यंत बंद पडले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटातील डीजे पिएर आणि त्याच्या साथीदारांनी एकच बेसची ओळ सतत फिरत ठेवून यंत्राच्या कळा पिळायला सुरुवात केली. फिल्टर उघडत-मिटत गेला तसा तो आवाज चिघळत, चिरकत, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत गेला. १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढलेल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये हा आवाज हीच संपूर्ण रचना आहे.

हेच यंत्र त्याआधी मुंबईत वाजले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले तेव्हा जगभर तिला ‘पहिले ॲसिड हाउस’ म्हटले गेले. तबकडी विलक्षण आहे आणि सिंग यांना उशिरा मिळालेला मान योग्यच होता. पण तिला ॲसिड हाउस म्हणणे बरोबर नाही. तिच्यात रागाची बढत आहे, स्वरांची ओळ हेच केंद्र आहे आणि बेस त्या ओळीला आधार देतो. शिकागोत स्वरओळ जवळजवळ नाहीच. एका आवाजाचा पोत बदलणे हाच तिथला विषय. यंत्र एकच, ठेका जवळचा, तरी कुळे दोन. वाद्यावरून शैली ठरवू नये याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

टेक्नो डेट्रॉइटचा. हे शहर शिकागोपासून सुमारे ४५० किलोमीटरवर. ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे जवळच्या बेलव्हिल गावात एकाच शाळेत शिकलेले तीन कृष्णवर्णीय तरुण त्याचे आद्य कर्ते. ॲटकिन्स यांनी रिक डेव्हिस यांच्यासह ‘सायबोट्रॉन’ या नावाने १९८१ पासून तबकड्या काढल्या आणि १९८५ मध्ये ‘मॉडेल ५००’ या नावाने ‘नो यूएफओज’ काढली. त्यांच्या कानात जर्मनीच्या क्राफ्टवर्कची यंत्रसुबक लय होती, तशीच पार्लमेंट-फंकाडेलिकची फंकही. शिकागोच्या क्लबांत जाऊन त्यांनी हाउसही ऐकले होते. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या संगीताचा संग्रह निघायचा होता, तेव्हा त्याचे ठरलेले नाव ‘डेट्रॉइटचे हाउस’ अशा अर्थाचे होते. ॲटकिन्स यांनी ‘टेक्नो म्युझिक’ नावाचा ट्रॅक दिला, नाव बदलले आणि संग्रह ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ म्हणून निघाला. त्या क्षणी दोन शैलींमधले अंतर किती कमी होते ते यावरून दिसते. अंतर पुढच्या पाच-सहा वर्षांत वाढले.

ते वाढवले जेफ मिल्स, माइक बँक्स आणि रॉबर्ट हुड यांच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ने आणि बर्लिनने. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व भागातल्या ओसाड इमारतींत क्लब उघडले. १९९१ मध्ये सुरू झालेला ‘ट्रेझोर’ वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत होता. त्या बुटक्या, पोलादी जागेत कॉर्ड आणि गायन गळून पडले. हुड यांच्या १९९४ च्या ‘मिनिमल नेशन’मध्ये किक, हाय-हॅट आणि एखाद-दुसरा कोरडा स्वराकार एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. टेक्नो ओळखायची खूण हीच : कॉर्डांची हालचाल नाही किंवा नावापुरती, मात्रेचे भाग सरळ, झोका कमी, आणि ज्याला गुणगुणता येईल असे फारसे काही नाही. अलीकडच्या टेक्नोत बेसची वेगळी ओळच बहुधा नसते. किकचाच प्रतिध्वनी लांबवून, गाळून दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत गडगडाटासारखा पसरवलेला असतो. रचना पुढे सरकते ती पोताने. एकच आवाज चार मिनिटांत हळूहळू उजळतो, खरखरीत होतो, मागे सरतो. ज्याने बंदिशीच्या अपेक्षेने ऐकले त्याला ‘काहीच होत नाही’ असे वाटते. ज्याने आवाजाच्या कणांकडे लक्ष दिले त्याला तिथे भरपूर घडताना दिसते.

हाउस आणि टेक्नो यांच्या सीमेवर टेक-हाउस आहे. तिथे ठेका आणि झोका हाउसचा, पण कॉर्ड काढून टाकून पोत टेक्नोचा. या नावाखाली येणाऱ्या ट्रॅकमध्ये फरक करायचा तर बेसकडेच जावे लागते. बेस उड्या मारत किकशी बोलत असेल तर कल हाउसकडे समजावा.

ट्रान्स १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत, विशेषतः फ्रँकफर्टमध्ये वेगळा निघाला. ‘एज ऑफ लव्ह’ या १९९० च्या तबकडीचे जॅम अँड स्पून यांनी १९९२ मध्ये केलेले रूप त्याच्या पहिल्या ठळक नमुन्यांपैकी एक. ट्रान्समध्ये स्वरओळ परत येते आणि राज्य करते. स्वर भराभर सुटे करून फिरवलेले असतात, पट्टी बहुधा मायनर, म्हणजे आपल्या आसावरी थाटाच्या स्वरांची. बेस साधा: दोन किकच्या मध्यावर एक स्वर. पण खरी खूण रचनेत आहे. ट्रॅकच्या मध्यावर किक आणि बेस पूर्ण थांबतात; एक-दोन मिनिटे नुसते स्वर तरंगत राहतात, ओळ पूर्ण उलगडते, तणाव वाढत जातो आणि मग ठोका परततो. या थांब्याला ब्रेकडाउन म्हणतात. हाउस आणि टेक्नोतही तो असतो, पण छोटा, श्वास घेण्यापुरता. ट्रान्समध्ये सगळा ट्रॅक त्याच्यासाठी रचलेला असतो. दशकाच्या उत्तरार्धात रोलंडच्या जेपी-८००० या सिंथेसायझरने करवतीच्या दात्यांसारखा आलेख असणाऱ्या सात लहरी किंचित बेसूर करून एकत्र वाजवण्याची सोय दिली, आणि तो रुंद, लखलखीत आवाज मोठ्या मैदानांवरच्या ट्रान्सची सहीच बनला.

याच काळात ट्रान्सची दुसरी शाखा गोव्यात तयार होत होती. ती जर्मन शाखेची नक्कल नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी हणजूणला येऊन राहत होते आणि पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर संगीत चाले. आधी गिटार आणि रॉक होते. १९८० च्या दशकात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. सान फ्रान्सिस्कोहून आलेले गोवा गिल आणि फ्रान्सचे लोराँ हे त्यातले अग्रणी. ते युरोपातले इलेक्ट्रॉनिक ट्रॅक फितीवर घेत, गायनाचे भाग कापून टाकत आणि उरलेले तालाचे तुकडे लांबवत. तबकड्या इथल्या उष्णतेत वाकत, म्हणून आधी कॅसेट आणि नंतर डिजिटल डीएटी फिती वापरल्या जात. डीएटीच्या यंत्रावर गती कमीजास्त करून दोन ट्रॅक जुळवणे सहसा शक्य नसे. त्यामुळे इथे ट्रॅक एकमेकांत मिसळण्याऐवजी एकामागोमाग येत आणि प्रत्येकाच्या आरंभी ठोक्याविना, आवाजांच्या धुक्यासारखा भाग ठेवला जाई. गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना जी स्वतंत्र कथेसारखी घडण आहे, ती बऱ्याच अंशी या हवामानातून आणि या यंत्रातून आली.

हे ऐकून गेलेल्यांनी आपापल्या देशांत तसे संगीत करायला घेतले. इंग्लंडमध्ये ड्रॅगनफ्लाय आणि टिप या कंपन्या निघाल्या. लष्करी सेवा संपवून गोव्यात येणाऱ्या इस्रायली तरुणांमुळे ते इस्रायलमध्ये रुजले आणि ‘ॲस्ट्रल प्रोजेक्शन’सारखे गट पुढे आले. १९९५ मध्ये सायमन पोसफर्ड यांचा ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने ‘ट्विस्टेड’ हा संग्रह आला. १९९४ ते १९९७ हा गोवा ट्रान्सचा भराचा काळ. त्यात टीबी-३०३च्या वळणाच्या चिघळत्या ओळी एकीवर एक चढत जातात, कधी चार-पाच एकदम. स्वर अनेकदा कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र घेणाऱ्या पट्टीचे असतात. ही स्वरावली कधी भैरवची, तर कधी कोमल निषादामुळे बसंत मुखारीची ठरते. रागाचे चलन मात्र त्यात नाही, आणि ते असल्याचा दावा कुणी करू नये. कोकणी मांडो-दुलपदांचा ठसाही त्यात ऐकू येत नाही. गोव्याने या संगीताला किनारा, उघडे आकाश, रात्र आणि नाव दिले. स्वर बाहेरून आले.

१९९७ नंतर ओळींची ही गर्दी विरळ झाली आणि भर खाली, बेसवर गेला. तिथून सायट्रान्स हे नाव रूढ झाले. त्याची खूण एकदा कळली की चुकत नाही. मात्रेचे चार भाग करावेत. पहिल्या भागावर किक, उरलेल्या तिन्ही भागांवर बेस. ही चौगुन अखंड चालते. मिनिटाला १४५ मात्रांच्या लयीत एका भागाला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा मिळतो, म्हणून बेसचा प्रत्येक स्वर तिथल्या तिथे छाटावा लागतो. तो थोडा जरी लांबला तर किक चिखलात रुतते. सायट्रान्स करणारे आठवडेच्या आठवडे या एका जोडीवर घालवतात ते उगीच नव्हे. मैदानी ट्रान्स आणि सायट्रान्स यांत संभ्रम झाला तर दोन किकच्या मध्ये बेसचे स्वर मोजावेत : एक असेल तर पहिला, तीन असतील तर दुसरा. पुढे सायट्रान्सच्याही फांद्या झाल्या. इस्रायलमध्ये वाढलेला फुल-ऑन, ज्यात हैफाच्या ‘इन्फेक्टेड मश्रूम’चे सुरुवातीचे काम मोडते, उजळ आणि स्वरांना जागा देणारा आहे. डार्कसाय १५० च्या वर जातो आणि स्वरओळ जवळजवळ सोडूनच देतो. प्रोग्रेसिव्ह १३८ च्या आसपास रेंगाळतो, त्यात बेस मोकळा असतो, आणि म्हणून तोच नेहमी इतर शैलींशी गल्लत करवतो.

चारही मात्रांवर किक नसेल तर ही सारी चर्चा बाजूला ठेवावी. ते दुसरे घराणे. जंगल आणि ड्रम अँड बेस यांचा ठेका द विन्स्टन्स यांच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातील चार आवर्तनांच्या ड्रमच्या तुकड्यावरून, तो कापून-जोडून, उभा राहिला. ड्रम अँड बेस १७० ते १७५ वर धावतो. डबस्टेप लंडनच्या क्रॉयडन भागातून आला. त्याची लय १४० असली तरी टाळी तिसऱ्या मात्रेवरच पडत असल्याने ती निम्मी वाटते.

उपशैलींची नावे इतकी का वाढली याचे एक कारण दुकानदारीत आहे. तबकड्यांच्या दुकानात खण लागतात, डीजेला रात्रीच्या कुठल्या प्रहरी काय वाजवायचे ते पटकन सापडावे लागते. बीटपोर्ट या ऑनलाइन दुकानाने टेक्नोचे दोन खण केले : एक ऐन गर्दीच्या वेळी वाजणारा, दुसरा कच्चा, खोल, गुंगवणारा. हे वर्गीकरण रचनेचे नाही, वापराचे आहे. तरी त्याला तुच्छ लेखू नये, कारण वापर बदलला की काही वर्षांत रचनाही बदलते.

ऐकण्याच्या साधनाचा प्रश्न लहान वाटतो, पण इथे तो निर्णायक ठरतो. किकचे मूळ कंपन सेकंदाला ५० ते ६० च्या घरात असते. मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोहोचत नाही. त्यावर किकची नुसती टिचकी ऐकू येते आणि बेस नाहीसा होतो. म्हणजे ज्या जोडीवर सगळी पारख अवलंबून आहे तीच गळते, आणि तिन्ही शैली खरोखरच एकसारख्या होतात. बरे हेडफोन लावून, आधी फक्त किक आणि बेस, मग हाय-हॅटचा झोका, मग कॉर्ड आहेत की नाहीत, आणि शेवटी ट्रॅक मध्यावर किती वेळ थांबतो, या क्रमाने ऐकावे. मध्यातली तीस सेकंदे ऐकून निर्णय देऊ नये. ट्रान्सचा ब्रेकडाउन आणि टेक्नोची संथ वाढ या दोन्ही गोष्टी पूर्ण लांबीशिवाय कळत नाहीत.

एवढे करूनही काही ट्रॅक दोन्हीकडे बसतात. डेरिक मे यांचा १९८७ चा ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. कर्ता डेट्रॉइटचा, तंतुवाद्यांचे आवाज यंत्रातले, लय तुटक आणि घाईची. पण पुढे पियानोचे कॉर्ड आहेत आणि भावना हाउसची आहे. बेसच्या कसोटीवर तो घासावा, तर त्यात बेसची ओळच नाही. डेट्रॉइटमध्ये तो टेक्नोचा पाया मानला गेला, इंग्लंडच्या क्लबांत हाउस म्हणून गाजला, आणि आजही दोन्ही शैलींच्या संग्रहांत त्याचा समावेश होतो.